गोठवलेला ट्रम्पेट

बर दुबई, ५ एप्रिल २००२

ती. पप्पांस,

पत्राची सुरुवात अशी करतात असं आईनं फोनवर सांगितलं. शेवट कसा करतात ते विचारायच्या आत कार्ड संपलं.

तुम्ही फोनवर येत नाही म्हणून लिहिते. इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही पाकीट बाजूला ठेवून आईला नुसतं विचाराल, "काय म्हणते ती?" म्हणून मराठीत. मराठी मी शाळेत शिकले नाही, आईच्या ओट्याशी बसून शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार तिच्याकडे करा.

काल खतीजा जिन्यात भेटली. तुम्ही सकाळी वाजवायला बसलात की भिंतीवर लाटणं आपटायची ती. म्हणाली, "अंकल गए तो बिल्डिंग सूनी हो गई." मी म्हटलं, "आपको तो आराम हो गया." तर म्हणाली, "आराम नहीं बेटा, आदत छूट गई."

मला एवढंच सांगायचंय की ती टेस्ट माझी कल्पना नव्हती. फेस्टिवलच्या परेडला लंडनहून पाहुणे वादक आले होते. त्यांतल्या एकानं तुम्हाला सांगितलं की अमेरिकेत लोक ट्रम्पेट नायट्रोजनच्या थंडीत गोठवून घेतात, पितळेतला ताण निघून जातो आणि आवाज मोकळा होतो. तुम्ही घरी येऊन बूटसुद्धा काढले नव्हते. "मने, तुमच्या जबल अलीच्या प्लांटात ते थंड करायचं मशीन आहे की नाही?"

आहे. त्यात आम्ही कारखान्यांची ड्रिलची पाती आणि साचे थंड करतो. पोलादाला त्याचा फायदा होतो, कारण तेवढ्या थंडीत पोलादाची आतली घडण बदलते. पितळेत तसं बदलण्यासारखं काही नसतं. हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "ट्रम्पेट तू वाजवतेस का मी?"

मग मी बॉसची परवानगी काढली. बोटांखालच्या वाल्वचे पिस्टन, स्प्रिंगा, बूच, सगळं सोडवून ठेवलं आणि उरलेलं पितळ गुंडाळून पात्यांच्या शेजारी आत ठेवलं. हळूहळू थंड केलं आणि तितक्याच हळू पुन्हा खोलीच्या तापमानाला आणलं. घरी जोडून दिल्यावर तुम्ही पहिला सूर लावलात आणि आईला हाक मारलीत, "कावेरी, उघडला बघ!"

सगळ्या बँडला सांगत सुटलात. विजयकुमार अंकल "बकवास" म्हणाले तेव्हा तुम्हीच म्हणालात, "माझी पोरगी इंजिनीअर आहे. पडदा लावून टेस्ट घेईल. मग बोल." हे शब्द तुमचे आहेत, माझे नाहीत.

टेस्टमध्ये जे निघालं ते निघालं. बँड चालवणाऱ्या रशीदा मॅडमनी तुमचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, ती वेगळी गोष्ट आहे. त्यांच्या कंपनीला माणसं कमीच करायची होती. कृपा करून दोन्हींचा संबंध जोडू नका.

तुमची,
मनाली


बर दुबई, १४ जून २००२

ती. पप्पा,

पत्र मिळाल्याचं आई म्हणाली. "वाचलं का?" विचारलं तर म्हणाली, "चष्मा लावून बसले होते खरे." एवढ्यावर समाधान मानते.

इथं उन्हाळा चढलाय. कंपनीच्या बसचा एसी बंद पडला आणि जबल अलीपर्यंत आम्ही सगळे ओल्या रुमालानं तोंड पुसत गेलो. आत लिक्विड नायट्रोजनच्या टाकीवर बर्फ जमलेला आणि बाहेर डांबर वितळतंय. तुम्हाला हे बघायला आवडायचं. एकदा गेटवरच्या वॉचमनला तुम्ही सांगत होतात, "माझी मुलगी आत हिवाळा तयार करते."

मागच्या पत्रात मी संबंध जोडू नका असं लिहिलं होतं. ते बरोबर नव्हतं.

तुम्ही त्या दिवशी पडद्यामागे होतात, डोळ्यांवर पट्टी बांधून. पुढं काय झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं असेल असं वाटत नाही. शाळेच्या त्या हॉलमध्ये बँडचे सगळे बसले होते, पहिल्या रांगेत रशीदा मॅडम. विजयकुमार अंकल पडद्यामागे तुमच्या हातात कधी तुमचा ट्रम्पेट देत होते, कधी त्याच खेपेत आलेला बँडचा दुसरा, कधीच न गोठवलेला. दोन्हींना सारखं कापड गुंडाळलेलं. कुठला केव्हा द्यायचा ते मी आधी ठरवून त्यांना सांगितलं होतं. तुम्ही प्रत्येक वेळी एक लांब सूर, मग सरगम, मग परेडला वाजवायचात त्या संचलनाच्या चालीचा तुकडा वाजवत होतात आणि मोठ्यानं सांगत होतात, "गोठवलेला" किंवा "साधा." समोर बसलेले आपापल्या कागदावर तेच लिहीत होते. मी माइक आणि लॅपटॉप घेऊन बाजूला.

त्यांची उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी निघाली. तुमचीही. लॅपटॉपनं दाखवलं की दोन ट्रम्पेटमधला फरक इतका बारीक होता की एकच ट्रम्पेट तुम्ही दोनदा वाजवलात तर त्याहून जास्त फरक पडत होता. म्हणजे गोठवण्यानं काही झालं नव्हतं. मी हे वाचून दाखवलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून ग्राफ भिंतीवर लावला.

रशीदा मॅडम उठून जवळ आल्या. वरच्या सुराच्या रेषेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ये लाइन काँप क्यों रही है?"

मी म्हटलं, "ऊपर का सुर है मॅडम, थोडा हिल रहा है."

"कौन से वाले में?"

"दोनों में," मी म्हटलं. जरा खुशीतच म्हटलं, कारण तोच माझा मुद्दा होता. दोन्हींत सारखंच.

मी ट्रम्पेटबद्दल बोलत होते. त्या तुमच्याबद्दल ऐकत होत्या. त्यांनी नुसतं "अच्छा" म्हटलं आणि पर्स उचलली. पुढच्या आठवड्यात तुमच्या हातात पत्र पडलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की माणूस गेला. या देशात हे सगळं एकाच कागदावर होतं.

प्रश्न पितळेचा विचारला होता, पप्पा. उत्तर दुसऱ्याच कशाचं तरी गेलं. ते मला तेव्हा दिसलं नाही.

मनाली


बर दुबई, ३० ऑगस्ट २००२

ती. पप्पा,

आईनं दातांचं सांगितलं.

गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी वरचे पुढचे सगळे काढले आणि आता कवळी बसवणार आहेत, हे ती "आज भेंडी केली होती" म्हणाल्यासारखं सांगून गेली. मी विचारलं, कधीपासून हलत होते? म्हणाली, "दोन वर्षं तरी. तुला सांगू नको म्हणाले होते."

दोन वर्षं तुम्ही हलणाऱ्या दातांवर ट्रम्पेट टेकवून परेडा वाजवल्यात. आणि आम्हाला सांगत होतात की ट्रम्पेट कोंदलाय, याचा गळा बसलाय, पितळ थकलंय. मी पितळ थकत नाही यावर तुमच्याशी वाद घालत बसले. जेवताना तुम्ही चपाती आमटीत भिजवून खायला लागला होतात ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला वाटलं, वयाप्रमाणे आवड बदलली.

आईनं आणखी एक सांगितलं, त्यासाठी हे पत्र आहे.

ट्रम्पेट गोठवून आणल्यावर तुम्ही रोज पहाटे गच्चीवर जाऊन बसायचात म्हणे, खतीजाला त्रास नको म्हणून. आधी लांब सूर, मग हळू सरगम, बेळगावच्या पलटणीच्या बँडात भरती झाल्यावर शिकवतात तसं. कित्येक वर्षांत तुम्ही असा रियाज केला नव्हता. मी तेव्हा कंपनीच्या बसमध्ये असायचे. आई म्हणाली, "नवीन लग्न झाल्यासारखे त्या ट्रम्पेटच्या मागं होते." दात दुखू नयेत म्हणून ओठ कसा ठेवायचा, दाब कसा कमी करायचा, तेही नव्यानं बसवत होतात.

म्हणजे तुमचा आवाज खरंच सुधारला होता. तो भास नव्हता. "उघडला बघ" म्हणालात त्या दिवशी कदाचित नसेल उघडला, पण त्या गच्चीवरच्या दिवसांत उघडला. हे माझ्या टेस्टमध्ये कुठंच नव्हतं. मी दोन ट्रम्पेट शेजारी ठेवले. आधीचे पप्पा आणि नंतरचे पप्पा असे शेजारी ठेवायला हवे होते, आणि ते कसं करतात मला येत नाही.

टेस्ट खोटी नव्हती, हे मी अजूनही म्हणते. कुणी उद्या पुन्हा केली तरी तेच निघेल. पण तुमचा विश्वास बसला होता म्हणून तुम्ही गच्चीवर जात होतात. मी निकाल वाचला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गेला नाहीत, असं आई म्हणाली.

कवळीचं दुखत असेल तर कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. तुम्ही भरणार नाही, माहीत आहे.

मनाली


बर दुबई, ८ नोव्हेंबर २००२

ती. पप्पा,

रमजान सुरू झालाय, ऑफिस लवकर सुटतं. थोडंच लिहिते.

परवा अल ऐनहून एक गोरे सद्गृहस्थ प्लांटवर आले होते. तिथल्या एका शाळेत मुलांना बँड शिकवतात. हातात फ्रेंच हॉर्न. तुम्ही केव्हातरी त्यांना सांगितलं होतं म्हणे की माझी मुलगी ट्रम्पेट गोठवून देते आणि आवाज काय उघडतो! टेस्टचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. तुमची चौकशी केली. मी म्हटलं, गावी गेलेत, बरे आहेत.

त्यांना सगळं सांगायला तोंड उघडलं होतं. पितळेची घडण, पडदा, नाणेफेक. मग म्हटलं, "माझ्या मते फरक पडणार नाही. पण बिघडणारही नाही. ठेवून जा." ते आनंदानं ठेवून गेले. काल घेऊन गेले. गेटपाशीच गाडीच्या दारात उभं राहून वाजवून बघितलं आणि माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

तुम्हालाही एवढंच सांगून थांबायला हवं होतं का मी? मी खरंच विचारतेय. उत्तर आईकडे दिलंत तरी चालेल.

मनाली


बर दुबई, ३ जानेवारी २००३

ती. पप्पा,

विजयकुमार अंकल कायमचे केरळला चाललेत. जायच्या आधी भेटायचं म्हणाले, म्हणून आज दुपारी आम्ही अब्रा घाटावर भेटलो. तुमच्या आवडीच्या टपरीवर चहा घेतला आणि उगाचच अब्राच्या होडीत बसून खाडीपलीकडे जाऊन परत आलो. ट्रॉम्बोन त्यांनी विकला नाही, बरोबर नेतायत. तुमच्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, माझ्याशी बोलत नाहीत, वर्ष व्हायला आलं.

"अभी तक गुस्सा?"

"गुस्सा नाही अंकल. मी टेस्टमध्ये त्यांना खोटं पाडलं ना."

ते म्हणाले, "किसने बोला खोटा पाडा? उनको तो मालूम था."

"क्या मालूम था?"

"हाथ में कौनसा है. हर बार मालूम था."

अब्राच्या इंजिनाचा आवाज होता, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, दोन्हींना कापड होतं, डोळ्यांवर पट्टी होती. ते हसले. "कपडा बाहर था बेटा. उँगली तो वाल्व पे थी ना. उनका दूसरा वाल्व वापस आने में थोडा आळस करता है. तीन साल से बजाया, उनको नहीं पता चलेगा? पहले ही राउंड में मेरे कान में बोले, विजय, ये मेरा है."

मी विचारलं, मग त्यांनी त्याला "साधा" का म्हटलं?

"मैंने भी वही पूछा. मैंने बोला, धनंजय, सब सही बोल दो, खलास! मॅडम बैठी है, बोलेगी उस्ताद आदमी है, फिर ग्राफ कौन देखता है? तो बोले, नहीं रे. पोरीनं आवाजाचं विचारलंय. वाल्वचं नाही विचारलं." हे शेवटचं त्यांनी तुमच्यासारखं मराठीत म्हणून दाखवलं. वाईटच उच्चार, पण मला तुमचा आवाज ऐकू आला.

ते म्हणाले, तुम्ही प्रत्येक वेळी सूर लावायचात, थांबायचात, कानाला जसं वाटलं तसं सांगायचात. आपला ट्रम्पेट हातात आहे हे माहीत असून "साधा" म्हणायचात. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तुम्ही हळूच म्हणालात, "दोन्ही सारखेच लागतात की रे," आणि मग ट्रम्पेट पुसून पुढच्यासाठी हात पुढं केलात.

माझ्या आधी तुम्हाला कळलं होतं. पडद्यामागे, एकट्याला.

मी अंकलना म्हटलं, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं? टेस्ट रद्द केली असती मी. हातातला ओळखू येत असेल तर टेस्टला अर्थच नाही. ते म्हणाले, "बोलनेवाला था. उन्होंने मेरा हाथ पकडा."

पप्पा, एकदा फोनवर या. रागवायचं असेल तर रागवा. पण या.

मनाली


बर दुबई, ७ मार्च २००३

प्रिय पप्पा,

काल तुम्ही फोनवर आलात. आईनं "थांब हं" म्हटलं, तेव्हा मला वाटलं गॅसवर दूध असेल.

तुमचा 'स' आता शिट्टीसारखा येतो. मी हसले नाही, तुम्हीच हसलात. "कवळीचा बँड ऐक," म्हणालात. मग मी विजयकुमार अंकलचं काढलं आणि तुम्ही म्हणालात, "त्याच्या पोटात काही राहत नाही."

मी विचारलं, "हातात कुठला आहे ते माहीत होतं, तर मग का?"

"तू आवाजाचं विचारलं होतंस."

"एकदा सांगायचं तरी. मी थांबवली असती टेस्ट."

"म्हणूनच नाही सांगितलं. किती खपली होतीस त्यासाठी. कापड काय, पट्टी काय. आणि मनातून मलाही बघायचंच होतं की गं, खरं काय ते. बघितलं. झालं."

"मग इतके दिवस बोलत का नव्हता?"

मग म्हणालात, "तुझ्यावर राग नव्हता. ट्रम्पेट सुटल्यावर काय बोलायचं असतं, ते मला येत नव्हतं."

आणि मग विचारलंत. मला ते वाक्य जसंच्या तसं लिहायचं आहे. "मने, त्या दिवशी वाजलं कसं गं? त्यानंतर परत ओठाला लावला नाही मी. ते शेवटचंच झालं. बरं वाजलं का?"

मी म्हटलं, "हो पप्पा. छान वाजलं."

"मग झालं तर," म्हणालात आणि आईला फोन दिलात. आई नंतर म्हणाली, खूप दिवसांनी नीट जेवले.

एप्रिलमध्ये मला सुटी मिळतेय, मी येतेय. हे तिथं तुमच्यासमोर बसून सांगता आलं असतं. पण तुमच्या तोंडाकडे बघून मी पुन्हा "हो"च म्हणेन, म्हणून आधी लिहून पाठवते.

मी ऐकलं नाही, पप्पा. कानाला हेडफोन होते, पण माझं सगळं लक्ष लॅपटॉपवरच्या रेषेकडे होतं. सूर किती हलतो, रेषा कुठं जाते. चालीचा तुकडा वाजत असताना मी तारीख आणि क्रमांक टाइप करत होते. रेकॉर्डिंग ऑफिसच्या लॅपटॉपवर होतं. हवे ते आकडे काढून घेतले आणि जागा लागत होती म्हणून फाईली पुसून टाकल्या. आता मलाही ते ऐकता येणार नाही.

मला एवढंच आठवतं. शेवटच्या वेळी तुम्ही ती चाल वाजवलीत, तेव्हा तुकड्यावर थांबला नाहीत, पूर्ण वाजवलीत. का ते मला माहीत नाही. संपल्यावर हॉलमध्ये लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तुम्हाला त्या फारशा ऐकू आल्या नसतील, कारण मी लगेच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येत होता म्हणून.

तेव्हा चांगलंच वाजलं असणार. त्या लोकांना विचारलं तर ते सांगतील. मला सांगता येणार नाही.

तुम्ही वाल्ववरून ओळखून खोटं उत्तर दिलं असतंत तर कदाचित अजून इथं असतात, आणि तरी दिलं नाहीत. म्हणून काल मी म्हटलेला तो "हो" परत घेते. रागावलात तरी चालेल. स्टँडवर घ्यायला मात्र या.

तुमची,
मनाली